तुर्भ्याची डबस्टेप नाइट: खर्ज पक्का, वायरिंग कच्चं

गणपतीच्या मिरवणुकीतली डीजेची भिंत डोक्यात ठेवून इथे जाऊ नका. डबस्टेप म्हणजे जड बेसचं इलेक्ट्रॉनिक नाच-संगीत; तुर्भे एमआयडीसीतल्या गाळ्यात भरणाऱ्या या नाइटचं खरं काम ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) खाली चालतं आणि ते कानांआधी पोटऱ्यांना कळतं.

अठरा इंची डबल सबची (सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारे स्पीकर) चार खोकी स्टेजपुढे मधोमध, एकमेकांना खेटून रचलीत. हे बरोबरच केलंय. दोन-दोन करून डावी-उजवीकडे ठेवली की दोन्हींकडून येणाऱ्या लाटा हॉलमध्ये जागोजागी एकमेकींना खातात. तरी भिंती आपलं काम करतातच. ४५ हर्ट्झची लाट साधारण ७.६ मीटर लांब. मागच्या भिंतीवर आपटून परतली की पाव लाटेवर, म्हणजे भिंतीपासून १.९ मीटरवर, बेस जवळपास गायब होतो. बारची रांग नेमकी तिथेच लागते! ग्लास घेतला की सरळ मागे जाऊन भिंतीला पाठ टेका, बेस परत येतो. पण तिथे तो जरा फुगलेला वाटतो. सगळ्यात नीट आवाज साउंड ऑपरेटरच्या टेबलापुढे.

छताचे पत्रे ठरावीक सुरांवर खडखडतात. जे-हुकांखालचे रबरी वायसर बदलून आवळले तर निम्मा त्रास जाईल.

डीजे सेटना नावं ठेवायला जागा नाही. २००० नंतरच्या दशकात दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागातून आलेला तो मोकळा, अंधारा बाज. १४० बीपीएम (मिनिटाला मात्रा), पण स्नेअर, म्हणजे कडक वाजणारा ड्रम, तिसऱ्या मात्रेवर, म्हणून चाल ७० ची वाटते: ठेका विलंबित, हाय-हॅट (झांजांची जोडी) द्रुत. लोकांनी भिंत बडवली की गाणं परत पहिल्यापासून, ही जमैकन साउंड सिस्टिमची रीत. दोनदा मजा येते, पाचव्यांदा रात्रच अडकून पडते.

लाइव्ह सेटमध्ये मात्र गोंधळ. पहिली जोडी तयारीची होती: लॅपटॉप, ड्रम मशीन, एक सिंथ (सिंथेसायझर). बेसचा वॉबल, म्हणजे डुलणारा आवाज, फिल्टर संथ लयीत उघडझाप करणाऱ्या एलएफओचा. सिंथवाला हाताने त्याचा वेग सेकंदाला ४.७ वरून ७ वर, म्हणजे मात्रेमागे दोन झोक्यांवरून तीनवर नेत होता आणि दर वेळी समेवर बरोबर उतरत होता. दुसऱ्या कलाकाराने खर्जावर स्टिरिओ कोरस (आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा इफेक्ट) लावला. सब मोनोवर चालतात. डावं-उजवं एकत्र झालं आणि बेसलाइन पार पातळ झाली. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवायचं, हे घरून करून यायचं काम आहे.

त्याच सेटला सुरुवातीपासून ५० हर्ट्झची घूं चालू होती. चार्जर काढताच थांबली, म्हणजे ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटा जुळून येणारी घूं). वाद्य आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावून त्यावरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरीतली अर्थची जोडणी तोडणारं बटण) दाबला की काम झालं असतं. त्याऐवजी प्लगची अर्थिंगची पिन काढायला कुणीतरी धावलं. तसं कधीही करू नये; घूं जाते, पण पत्र्याच्या गाळ्यात शॉक लागायची सोय होते.

मराठीत रॅप करणारा एमसी शेवटी आला. शब्द धारदार, पण अर्धे कळलेच नाहीत. माइकवर हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) नव्हता, सबचा घुमार माइकमध्ये शिरून परत सबमधूनच बाहेर येत होता. १२० हर्ट्झखालचं कापलं असतं तर पुरे होतं. दोन सेटच्या मधे वायरी बदलायला पाऊण तास गेला, तोही अक्षम्य. पुढच्या कलाकाराचं टेबल बाजूला आधीच जोडून ठेवायला काय जातं?

काउंटरवर फोमचे इअरप्लग फुकट मिळतात, ते घ्याच. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटना) संगीताच्या ठिकाणांसाठीची मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल आहे, आणि सबजवळ ती सहज ओलांडली जाते. बोटांत बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, आत सारा, अर्धा मिनिट दाबून धरा. नुसता खुपसलेला प्लग बाहेर येतो.

दारात ओळखपत्र बघतात. यायला ट्रान्स-हार्बरचं तुर्भे स्टेशन सोयीचं, पण परतीची शेवटची लोकल लाइव्ह सेट संपायच्या आत निघून जाते. रिक्षा किंवा कॅबचं आधीच बघून ठेवा. गाडी आणलीत तर गाळ्याच्या गेटासमोर लावू नका, रात्रभर टेम्पोंची ये-जा असते.