‘आम्ही सगळे इन्शुरन्स घेतो’: आईच्या उन्हाळीचं बिल

आई साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत डॅलसजवळ सहा महिन्यांसाठी आली होती. एका रविवारी तिला उन्हाळी लागली. धण्याचं पाणी झालं, सब्जा झाला, पण संध्याकाळी जळजळ वाढली आणि अंगात कणकण आली. गावी असती तर लघवी तपासून पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या असत्या, विषय संपला असता.

आमच्या नेहमीच्या वाणसामानाच्या दुकानाशेजारी एक दवाखाना आहे. चोवीस तास उघडा, लाल अक्षरांत पाटी. मी तो अर्जंट केअरच, म्हणजे साध्या दुखण्यांसाठीचा दवाखानाच, समजत होते. काउंटरवर मी पहिला प्रश्न इन्शुरन्सचाच विचारला. "हो, आम्ही सगळे इन्शुरन्स घेतो," ती मुलगी हसून म्हणाली. मी निर्धास्त झाले. आईच्या नावाने पुढे आलेल्या सात-आठ कागदांवर तिने माझ्या सांगण्यावरून सह्या केल्या.

दोन तासांत लघवीची तपासणी, रक्त, सलाइन आणि पोटाचा सीटी स्कॅन. स्कॅन कशाला, असं मी विचारलं. "वय आहे, खात्री करून घेऊ," असं उत्तर आलं. आईसमोर मला हुज्जत घालवेना. शेवटी हातात पडल्या त्या लघवीच्या संसर्गावरच्याच गोळ्या.

तीन आठवड्यांनी बिलं आली. एक जागेचं, एक डॉक्टरांचं, मिळून ६,९०० डॉलर. ते अर्जंट केअर नव्हतंच. ती रुग्णालयापासून वेगळी, स्वतंत्र इमर्जन्सी रूम होती. टेक्सासमध्ये २००९च्या कायद्याने अशा जागांना परवाने मिळतात आणि त्या इमर्जन्सीचेच दर लावतात. त्यात ‘फॅसिलिटी फी’ म्हणजे निव्वळ दारातून आत गेल्याचे पैसे. इमर्जन्सीच्या भेटीला एक ते पाच पातळ्या असतात, वरची पातळी म्हणजे जास्त पैसे, आणि आईला चौथी लावली होती. हे सगळं छापलेला कागद त्या सह्यांच्या गठ्ठ्यात होता. तो मला कुणी वाचून दाखवला नाही, आणि मीही वाचला नाही.

विमा कंपनीने दिले ३१० डॉलर. पुण्याच्या एजंटने "पन्नास हजार डॉलरचं कव्हर आहे, काळजीच नको" म्हणून विकलेली पॉलिसी ‘फिक्स्ड बेनिफिट’ होती. बिल कितीही येवो, प्रत्येक गोष्टीला ठरलेलीच छोटी रक्कम. पन्नास हजार हा फक्त कमाल आकडा. अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा अमेरिकेचा कायदा १ जानेवारी २०२२पासून आहे, पण तो अशा पॉलिसींना लागू नाही. दवाखाना इन्शुरन्स ‘घेतो’ म्हणजे कार्डाची प्रत काढून क्लेम पाठवतो, एवढंच. "तुम्ही आमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये आहात का, आणि हे अर्जंट केअर आहे की इमर्जन्सी रूम?" हे दोन प्रश्न मी विचारायला हवे होते. नेटवर्क म्हणजे विमा कंपनीशी दर ठरवून घेतलेले दवाखाने. पाटीवर ‘इमर्जन्सी’ किंवा ‘ईआर’ असेल आणि दार रात्रभर उघडं असेल, तर साध्या दुखण्यासाठी आत जाऊ नका. छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल तर मात्र पैशांचा विचार न करता जा.

पॉलिसी काढताना ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’च, म्हणजे प्रत्यक्ष बिलाच्या हिशोबाने पैसे देणारीच मागा, आणि मधुमेह, रक्तदाब आधीपासून असेल तर त्याबद्दल काय लिहिलंय ते एजंटच्या तोंडून नको, कागदावर बघा.

मी तपशीलवार बिल मागवलं. त्यात माझ्या ६७ वर्षांच्या आईची गर्भचाचणी लावलेली होती. ते वाचून माझे हात थरथरले. फोन, पत्रं, पुन्हा फोन, असं चार महिने चाललं. शेवटी २,४०० डॉलरवर मिटलं, तेही हप्त्यांनी.

आईला आकडा कळू द्यायचा नव्हता, पण फोनवरचं बोलणं तिने ऐकलं. त्यानंतर एकदा तिला ताप आला होता. दोन दिवस तिने मला सांगितलंच नाही. कचऱ्यात क्रोसिनची रिकामी पट्टी दिसली तेव्हा कळलं.