फाइल शेअरवरील अनपेक्षित वाढ शोधताना: पॉवरशेल, रोबोकॉपी की कोटा?

फाइल सर्व्हरवरील शेअर (नेटवर्कवरून अनेकांना वापरता येणारे सामायिक फोल्डर) अचानक भरू लागला की सर्वांत मोठी फोल्डरे शोधण्याकडे कल असतो; पण मोठे फोल्डर वर्षानुवर्षे तेवढेच असू शकते आणि वाढ भलतीकडेच होत असते. वाढ पकडायची तर दोन वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी लागतात, त्यामुळे निवडलेली मोजणी रोज रात्री कोणाच्या देखरेखीशिवाय पूर्ण होते का, ही पहिली कसोटी मानावी.

विंडोजच्या स्क्रिप्ट भाषेतील, म्हणजे पॉवरशेलमधील, फायलींची यादी देणारा ‘गेट-चाइल्डआयटम’ हा आदेश लिहायला सोपा आहे आणि निकाल थेट सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्याच्या फाइलीत) उतरतो. लाखो फायलींच्या शेअरवर मात्र तो रेंगाळतो, कारण प्रत्येक फाइलसाठी मेमरीत ऑब्जेक्ट (माहितीचा संच) तयार होतो आणि प्रत्येक फोल्डरची यादी नेटवर्कवरून मागवावी लागते. ‘फोर्स’ हा पर्याय न दिल्यास लपवलेल्या फायली गळतात. परवानगी नाकारलेल्या फोल्डरांच्या त्रुटी स्क्रिप्टने गिळून टाकल्या, तर बेरीज कमी भरते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. हा दोष संथपणापेक्षा अधिक घातक आहे.

रोबोकॉपी या विंडोजच्या फाइल-कॉपी आदेशाला ‘/एल’ हा पर्याय दिल्यास तो काहीही कॉपी न करता केवळ यादी देतो. २६० अक्षरांहून लांब पाथ (फाइलचे पूर्ण पत्ते) त्याला अडवत नाहीत, ‘/एक्सजे’मुळे जंक्शनमागे (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यामागे) जाऊन तोच मजकूर दोनदा मोजला जात नाही, आणि बॅकअपचे अधिकार असल्यास ‘/बी’ वापरून परवानगी नसलेली फोल्डरेही वाचता येतात. निकाल साध्या मजकुरात मिळत असल्याने तो पार्स करण्याचे, म्हणजे त्यातून आकडे वेगळे काढण्याचे, किचकट काम उरते. तरीही स्क्रिप्ट दुसऱ्या संगणकावरून चालवायची असेल, तर माझा कौल रोबोकॉपीलाच आहे. लिनक्स सर्व्हरवर थेट प्रवेश असेल, तर तिथेच फोल्डरांची व्यापलेली जागा मोजणारा ‘डीयू’ आदेश चालवावा. नेटवर्कचा फेरा वाचतो.

विंडोज सर्व्हरचा ‘फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर’ वेगळ्या जातीचा आहे. त्याचा सॉफ्ट कोटा (फोल्डरच्या आकाराला लावलेली, केवळ इशारा देणारी मर्यादा) कोणालाही लिहिण्यापासून न रोखता ठरवलेल्या टक्केवारीला ईमेल पाठवतो, आणि हिशेब सतत चालू राहत असल्याने वाढ त्याच दिवशी कळते. मात्र तो विंडोजच्या एनटीएफएस या डिस्क-रचनेवरच चालतो, नव्या आरईएफएसवर नाही, आणि कोट्याची सूचना फोल्डरापर्यंतच नेते. पुढची फाइल शोधायला स्क्रिप्ट लागतेच. म्हणून सर्व्हर आपल्या ताब्यात असेल तर कोटा आणि स्क्रिप्ट दोन्ही ठेवावीत.

रोजच्या नोंदीत दोन-तीन पातळ्यांपर्यंतच्या फोल्डरांचे एकूण बाइट आणि फायलींची संख्या पुरेशी असते. संख्या जवळपास तीच राहून बाइट फुगले तर बहुधा बॅकअप किंवा व्हर्च्युअल डिस्क असते. दोन्ही एकदम वाढले तर लॉग किंवा एखाद्या प्रोग्रामच्या तात्पुरत्या फायलींवर संशय घ्यावा. केवळ ‘गेल्या सात दिवसांत बदललेल्या’ फायली गाळून पाहणे फसवे ठरते, कारण एक्सप्लोररमधून कॉपी केलेल्या जुन्या फाइलची बदलाची तारीख जुनीच राहते. निर्मितीची तारीखही सोबत तपासावी.

एवढे करूनही बेरीज आणि डिस्कवर व्यापलेली जागा जुळत नसेल, तर कोणतीही स्क्रिप्ट बदलून उपयोग नाही. ती जागा शॅडो कॉपी (विंडोजने आपोआप ठेवलेल्या जुन्या आवृत्त्या), स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) किंवा एनएएसच्या (नेटवर्कवरील साठवण-यंत्राच्या) रिसायकल बिनमध्ये असण्याची शक्यता असते, आणि ती शेअरच्या बाजूने अनेकदा दिसतच नाही. विंडोजवर ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज’ हा आदेश शॅडो कॉपींचा वापर लगेच सांगतो.