वजनकाटा: २३ महिन्यांचा वापर, त्यातले १४ महिने वजन टिकवण्याचे

हा काटा मी दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये घेतला. काचेचा, चौकोनी, पाय ठेवायच्या जागी स्टीलच्या पट्ट्या, ब्लूटूथने फोनला जोडता येणारा. सतराशे रुपयांच्या आसपास पडला. तेव्हा माझं वय ४४, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७८.४ किलो आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ होतं, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. नऊ महिन्यांत मी ६६ वर आले. त्यानंतरचे चौदा महिने आठवड्याची सरासरी ६५.५ आणि ६८.५ च्या आत राहिली आहे. काटा घेताना वाटलं होतं, वजन उतरवेपर्यंत लागेल आणि मग माळ्यावर जाईल. उलट झालं. त्याचा खरा उपयोग मला वजन उतरल्यानंतर कळला, आणि हा अनुभव लिहायला घेतला तो त्या चौदा महिन्यांसाठी.

याआधी एकदा मी नऊ किलो उतरवले होते. भाचीच्या लग्नाआधी एका पावडरवाल्या योजनेत नाव घातलं. दुपारी शेक, रात्री शेक, मध्ये काकडी. चार महिन्यांत नऊ किलो गेले आणि पुढच्या दीड वर्षात अकरा आले. तेव्हा घरात काटा नव्हता. वजन परत आल्याचं कळलं ते शिंप्याकडे ब्लाउज उसवायला दिले तेव्हा, आणि तोवर सात किलो आत शिरलेले होते. ती योजना चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमची इच्छाशक्तीच कमी पडली." हे वाक्य मी कित्येक वर्षं खरं मानून बसले. ज्यांना कोणी असं सांगितलं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहिते, कारण त्या मला फार उशिरा कळल्या.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जाड माणसांचं वजन दहा आठवडे अगदी कमी खाण्यावर उतरवलं आणि वर्षभराने त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं पुन्हा मोजली. भूक वाढवणारं घ्रेलिन वर्षानंतरही वाढलेलं होतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन खालीच होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास आला. स्पर्धा संपून सहा वर्षं झाली होती, बहुतेकांचं वजन बरंच परत आलं होतं, तरी बसल्या जागी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे वजन उतरवलेल्या माणसाला भूक जास्त लागते आणि खर्च कमी होतो, दोन्ही एकाच वेळी, आणि वर्षानुवर्षं. हे वाचलं त्या रात्री मला रडू आलं. मी आळशी नव्हते, मला कोणी हे सांगितलंच नव्हतं.

आता काट्याबद्दल.

पहिले दहा दिवस मी तो बाथरूममध्ये ठेवला आणि रोज गोंधळले. आमची बिल्डिंग दादरची, जुनी. बाथरूमच्या लादीला मोरीकडे उतार. त्याच मिनिटाला दाराशी ७७.६ आणि नळाशी ७६.९. अशा काट्याच्या चार पायांत चार सेन्सर असतात आणि चौघांवर सरळ भार पडला तरच बेरीज बरोबर येते. पायपुसण्यावर किंवा चटईवर ठेवला तरी आकडा बिघडतो. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराजवळ मोझॅकची एक सपाट लादी सापडली. नवऱ्याने तिच्या चार कोपऱ्यांवर पेन्सिलीने खुणा करून दिल्या, तेव्हापासून वजन करताना काटा त्या खुणांच्या बाहेर ठेवलेला नाही.

काटा खरं बोलतो का हे पाहायला वाण्याकडून आणलेली दहा किलोची तांदळाची न फोडलेली पिशवी ठेवली. १०.१ आलं, पिशवी धरून ठीक. तीन वेळा ठेवली, तीनदा तेच. पण इथे एक गोम आहे आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात मला दिसली नाही: बरेच डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या जवळपास असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. माझाही तसाच आहे. म्हणून दोनदा उभं राहून "बघा किती पक्का" असं समजू नका. मी मध्ये एकदा दोन लिटर दूध हातात घेऊन उभी राहते, आठवण मोडते, मग रिकाम्या हाताने खरं वजन घेते. महिन्यातून एकदा हे पुरे.

लहानपणी दादर स्टेशनवर रंगीत दिव्यांचा मोठा काटा होता. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भविष्य आधी वाचायचो. वजन हा आकडा तेव्हा कोणाला टोचत नसे.

चरबीच्या टक्केवारीसाठी जास्त पैसे मोजू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगेन. हा काटा एका पायातून अगदी सौम्य विजेचा प्रवाह सोडतो आणि दुसऱ्या पायातून परत घेतो. त्याला किती अडथळा झाला, त्यावरून शरीरातलं पाणी आणि त्यावरून चरबी यांचा अंदाज बांधतो. प्रवाह पायांतून आणि ओटीपोटापर्यंत जातो, वरचं सगळं हिशेबानेच. सकाळी कोरड्या पायांनी ३८.२ टक्के आणि आंघोळीनंतर ओल्या पायांनी ३६.५, असं माझ्याकडे एकाच दिवशी आलेलं आहे. त्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप जास्त खरी. भारतीय बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा, पुरुषांसाठी ९०. माझा ९९ होता, आता ८७ आहे. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी असा प्रवाहवाला काटा वापरायचा नाही, गरोदर बायकांनीही नाही. माझ्या सासूबाईंना पेसमेकर आहे. ही सूचना डब्यातल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात होती. मी ती लाल पेनाने मोठी लिहून काट्याच्या वर भिंतीला चिकटवली आणि आईंसाठी वेगळा, साधा, फिरणाऱ्या सुईचा काटा आणला.

ॲप मी सहा आठवड्यांत बंद केलं. त्याला माझं लोकेशन का हवं होतं ते कळलं नाही, शिवाय वजन चारशे ग्रॅम वाढलं की लाल बाण दाखवायचं आणि माझी सकाळ जायची. आता आकडा जातो स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात, पेन्सिलीने. सकाळी उठून, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढायची आणि तिच्याभोवती गोल काढायचा. निर्णय घ्यायचा तो फक्त गोलावरून.

कॅलेंडरवर लिहिण्याचा फायदा मला आधी सुचला नव्हता. सण, एकादशी, चतुर्थी तिथेच छापलेले असतात, पाळीची तारीख मी ठिपक्याने लावते, आणि मग आकड्यांचं कारण शेजारीच उभं असतं. पाळीच्या आधी चार दिवस माझं वजन आठशे ग्रॅम ते किलोभर वर जातं आणि आपोआप उतरतं. लग्नातल्या जेवणानंतर दुसऱ्या सकाळी १.१ किलो जास्त. एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात; एका पंगतीत तेवढं जेवता येत नाही. ते मीठ आणि पाणी. सुरुवातीच्या पंधरा दिवसांत माझे २.६ किलो गेले तेही बरेचसे पाणीच होतं, कारण शरीरातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, आपल्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी धरून असतो आणि तो संपला की पाणीही जातं. हे माहीत असतं तर पुढे ७४ वर तीन आठवडे अडकले तेव्हा मी एवढी घाबरले नसते.

वजन कसं उतरवलं हे थोडक्यात. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल जात होतं, ते तीनवर आणलं. रात्री पोळीऐवजी एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, भात दुपारी आणि निम्मा. चर्चगेटहून फोर्टच्या ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी सोडून चालत. यात नवीन काही नाही, कोणताही डॉक्टर हेच सांगेल.

६६ वर आल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं: "आता काटा कशाला?" खरी गरज तिथूनच होती, पण हे मला आमच्या डॉक्टर बाईंमुळे कळलं. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. मी ६६ वरही २७ च्या वर आहे. मी विचारलं, अजून दहा किलो उतरवू का? त्या म्हणाल्या, "सोळा टक्के उतरवलंत, साखर ५.६ वर आली. आधी वर्षभर हे धरून ठेवा. मग बोलू." आणि त्यांनी एका प्रयोगाबद्दल सांगितलं, तो मी नंतर वाचून काढला. २००६ मध्ये अमेरिकेत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरवलेली ३१४ माणसं घेतली. त्यांना उतरवायला शिकवायचं नव्हतं, टिकवायला शिकवायचं होतं. रोज वजन करायचं आणि रंग ठरलेले: सुरुवातीच्या वजनापासून सुमारे १.४ किलोपर्यंत हिरवा, २.३ किलो वाढलं की लाल, मध्ये पिवळा. लाल झालं की काय करायचं तेही आधीच ठरलेलं. दीड वर्षानंतर, नुसतं माहितीपत्रक मिळालेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं वजन २.३ किलोहून जास्त वाढलं होतं. प्रत्यक्ष भेटून हे शिकलेल्यांत ४६ टक्के. सगळे वाचले नाहीत, पण फरक मोठा आहे.

मी माझं कुंपण घातलं ६८ वर. रविवारच्या गोलात ६८ च्या वरचा आकडा आला की दुसऱ्या दिवसापासून: घरात फरसाणाचं पाकीट नाही, जे खाल्लं ते वहीत लिहायचं, आणि शिवाजी पार्कला रोजच्या दोन फेऱ्यांऐवजी चार. उपास नाही, शेक नाही. सरासरी ६७ च्या खाली येईपर्यंत.

गेल्या वर्षी गणपतीच्या आठवड्यात सरासरी ६६.३ होती. नवरात्र संपताना ६७.१. दिवाळीनंतरच्या रविवारी ६८.३. मी कॅलेंडरचं पान मागे उलटून चौकोन न् चौकोन पाहिला. मला वाटायचं की मोदक आणि चकल्यांनी घात केला. पण उकडीच्या मोदकांच्या दिवसांचे आकडे दोन दिवसांत खाली आलेले होते. न उतरलेले आकडे होते ते साध्या मंगळवार-शुक्रवारांचे, ऑफिसमध्ये वर्षअखेरीची कामं सुरू झाली आणि मी आठच्या पुढे घरी येऊ लागले तेव्हाचे. दादरला उतरल्यावर वडापाव, घरी येऊन जेवण, आणि फेऱ्या बंद. सणांवर इतकी वर्षं उगाच आळ घेतला होता. मग डब्यात संध्याकाळसाठी भाजलेले चणे आणि एक फळ जाऊ लागलं, साडेपाचला टेबलावरच खायचं. पाच आठवडे लागले, ६६.९ आलं. मागच्या वेळी सात किलो वाढल्यावर कळलं होतं, या वेळी दोनवर कळलं. माझ्या सतराशे रुपयांची किंमत तिथे वसूल झाली.

आता एक गोष्ट, जी लिहिताना मला जड जातं. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. मार्चमध्ये एका सकाळी ती काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "आई, मी ५२ आहे. जास्त आहे का गं?" ती उंचीने माझ्यापेक्षा सात सेंटिमीटर जास्त, कबड्डी खेळणारी, तिच्यात काही कमी-जास्त नव्हतं. पण मी रोज सकाळी आकडा मोठ्याने बोलत होते, कधी चेहरा पाडून, आणि ती चहा गाळताना ते ऐकत होती. त्या दिवसापासून काटा वापरून झाला की कपाटावर जातो. आकडा मी तोंडाने उच्चारत नाही, लिहिते आणि पान मागे दुमडते. घरात वाढत्या वयाची मुलं असतील तर हे पहिल्या दिवसापासून करा. आणि ज्यांना आकडा पाहिला की जेवण टाकावंसं वाटतं, त्यांनी रोज वजन करू नये. त्यांच्यासाठी टेप आणि ओळखीचा एखादा पंजाबी ड्रेस पुरेसा आहे, आणि डॉक्टरांशी मोकळेपणी बोलणं.

तक्रारी दोनच. पहिल्या पावसाळ्यात बॅटरीच्या खाचेतल्या पत्र्याला गंज चढला आणि काटा मध्येच बंद पडू लागला. दुरुस्ती केंद्राने नवा घ्यायला सांगितलं. नवऱ्याने बारीक पॉलिश पेपरने पत्रा घासला, तेव्हापासून चालू आहे. आता जून ते सप्टेंबर बॅटरीच्या खाचेत गंजरोधक लावतो. दुसरी, काचेवर अंक फार फिके; सकाळच्या अंधारात चष्म्याशिवाय मला ६ आणि ८ सारखेच दिसतात.

पावसात शिवाजी पार्कच्या कडेने चालता येत नाही, कट्ट्यापाशी पाणी साचतं. मग मी आमच्या बिल्डिंगचे तीन मजले पाच वेळा चढते-उतरते. या आठवड्याचा गोल ६६.७ आहे. उद्या आषाढी. आईंनी साबुदाणा भिजत घातला आहे, आणि माझ्यासाठी वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी करायचं त्यांनी स्वतःहून ठरवलं आहे. परवाच्या चौकोनात जो येईल तो आकडा लिहीन.