रेरेरे, रेंज-डिफ आणि बी4: एकाच फाइलवर आदळणाऱ्या कर्नल पॅचसाठी आठ महिने वापरून

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या चौघांच्या गटातून लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ड्रायव्हरांचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, जातात. चौघांचा हात एकाच फाइलला लागतो, आणि बाहेरच्या कुणाचा तरी पॅच त्याच ओळींवर आधीच येऊन बसलेला असतो. असे बदल एकमेकांवर आदळले की कॉन्फ्लिक्ट होतो, आणि कुठलं ठेवायचं ते माणसाने ठरवावं लागतं. त्यासाठी रेरेरे, रेंज-डिफ आणि बी4 ही तीन साधनं आठ महिने रोज वापरली.

रेरेरे गिटमध्येच (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आहे, वेगळं इन्स्टॉल करायला नको. ‘रेरेरे.एनेबल्ड’ ट्रू केलं की एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट ‘आरआर-कॅश’ फोल्डरात नोंदला जातो. कॉन्फ्लिक्टच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) ही त्याची ओळख, त्यामुळे ब्रँच बदलली तरी तोच तंटा आला की जुनं उत्तर आपोआप भरलं जातं. कर्नलचे प्रमुख लायनस टोरवाल्ड्स नवा आरसी (पुढच्या आवृत्तीचा कच्चा मसुदा) रविवारी काढतात, आपल्या हाती तो सोमवारी सकाळी येतो. दर सोमवारी रिबेस करताना, म्हणजे आपले बदल त्या नव्या कोडवर पुन्हा चढवताना, तेच सहा-सात कॉन्फ्लिक्ट पुन्हा सोडवायचे कष्ट यामुळे थांबले. पैकीच्या पैकी मार्क इथेच.

तीन सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी तपासून घ्यावीत. सोडवलेल्या नोंदी गिट वापराविना 60 दिवस ठेवतं आणि कर्नलची एक फेरी चालते नऊ-दहा आठवडे, म्हणजे 63 ते 70 दिवस. ऐन पुढच्या मर्ज विंडोत (फेरीच्या सुरुवातीला नवे बदल घेतात तो काळ) नोंद गायब! ‘जीसी.रेरेरेरिझॉल्व्ड’ 120 करा. दुसरं, ‘ऑटोअपडेट’ बंदच राहू द्या. बंद असलं की उत्तर फाइलमध्ये भरलं जातं पण स्टेज होत नाही (पक्क्या नोंदीच्या रांगेत लागत नाही), गिट डिफमध्ये डोळ्यांखालून जातं. चालू असलं तर एकदा चुकीचं सोडवलेलं दर रिबेसला गुपचूप पुन्हा चिकटतं. तसं झालंच, तर कॉन्फ्लिक्ट उघडा असतानाच त्या फाइलवर ‘गिट रेरेरे फर्गेट’, मग ‘गिट चेकआउट -एम’ करून खुणा परत आणायच्या आणि नव्याने सोडवायचं. तिसरं, कॉन्फ्लिक्टची स्टाइल ‘झेडडिफ3’ ठेवा (गिट 2.35 पासून आहे). दोन्ही बाजूंच्या मध्ये मूळ ओळीही दिसतात, कुणी काय बदललं याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आरआर-कॅश पुश होत नाही, म्हणजे कोडबरोबर इतरांपर्यंत जात नाही, ही उणीव खरीच. ग्राफिक्स ड्रायव्हरची मंडळी डीआरएम-टिपसाठी (त्यांची एकत्र केलेली ट्री) या नोंदी ‘रेरेरे-कॅश’ नावाच्या वेगळ्या ब्रँचमध्ये ठेवतात. आम्हीही तसंच केलं, चौघांत एकच कॅश.

रेंज-डिफबद्दल थोडक्यात. सिरीजच्या (एकत्र पाठवलेल्या पॅचच्या मालिकेच्या) दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत नेमकं काय बदललं ते हे दाखवतं: बरोबरची खूण म्हणजे पॅच जसाच्या तसा, उद्गारचिन्ह म्हणजे बदललेला. फार बदललेला पॅच ‘गेला’ आणि ‘नवा आला’ असा दोनदा दिसू लागला, तर ‘क्रिएशन-फॅक्टर’ मुळातल्या 60 वरून वाढवावा.

बी4 हे मेलिंग लिस्टवरची सिरीज उतरवायला, लावायला आणि पाठवायला. इथे सगळं बेस-कमिटवर (कमिट म्हणजे गिटमध्ये नोंदलेला बदल) अडतं. पॅच कुठल्या कमिटवर उभा आहे ते पाठवणाऱ्याने लिहिलं नसेल, तर बी4 ‘गेस-बेस’ने अंदाज करतं, पण तो अंदाजच. आपण पाठवताना बेस द्यायचाच, आणि आपली सिरीज दुसऱ्याच्या सिरीजवर टेकलेली असेल तर ‘बी4 प्रेप’मध्ये ‘एडिट-डेप्स’ने तेही नोंदवायचं. मेंटेनरचा, म्हणजे तो भाग सांभाळून पॅच स्वीकारणाऱ्याचा, अर्धा तास वाचतो. आणखी एक गोष्ट नवख्यांसाठी: मोबाइल डेटा वाचवायला ‘डेप्थ 1’चा क्लोन (इतिहासाशिवाय उतरवलेली प्रत) केला असेल, तर पॅच लावणारं ‘गिट एएम -3’ आवश्यक ब्लॉब (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या) नाहीत म्हणून हात वर करतं. दोष पॅचचा नसतो. रात्री ‘अनशॅलो’ लावून, म्हणजे उरलेला इतिहास उतरवायला ठेवून, झोपावं.

आता या तिघांनाही न दिसणारी गोष्ट. कॉन्फ्लिक्टच येत नाही आणि तरी कोड बिघडतो. एका ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस सुरू करणारं फंक्शन) क्लॉक (हार्डवेअरला ठोका देणारा सिग्नल) चालू व्हायचा, पण पुढे एरर आली तर बंद व्हायचा नाही. एका पॅचने खाली एररच्या वाटेवर ‘सीएलके_डिसेबल_अनप्रिपेअर’ घातलं. दुसऱ्याने तोच बग वर सोडवला: ‘डेव्हएम_सीएलके_गेट’च्या जागी ‘डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्ड’, ज्यात क्लॉक बंद करायचं काम डिव्हाइस सुटताना किंवा प्रोब फसल्यावर आपोआप होतं. दोन्ही बदल फाइलमध्ये वीस-पंचवीस ओळी लांब. मर्ज गुळगुळीत, बिल्ड स्वच्छ, बोर्ड नीट बूट. पण प्रोब फसला की क्लॉक दोनदा बंद होतो आणि लॉगमध्ये ‘ऑलरेडी डिसेबल्ड’ची वॉर्निंग पडते. प्रोब रोज फसत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने दिसणारही नाही.

यावर उपाय हातानेच. पाठवण्याआधी लिनक्स-नेक्स्ट (पुढच्या फेरीच्या बदलांची एकत्र ट्री) फेच करायचं आणि आपल्या बेसपासून तिथपर्यंत त्याच फाइलचा गिट लॉग पाहायचा. 2008 पासून बहुतेक कामाच्या दिवशी मेंटेनरांच्या ट्री तिथे एकत्र होतात, त्यामुळे शेजाऱ्याने काय केलंय ते मर्ज विंडोच्या आधीच कळतं. मग ‘गिट मर्ज-ट्री --राइट-ट्री’ (2.38 पासून) वर्किंग ट्रीला (आपल्या समोरच्या फाइलींना) हात न लावता मर्ज करून पाहतं. निघालेल्या ट्रीमधलं ते फंक्शन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, नुसता डिफ नाही. आणि बोर्डवर चढवताना क्लॉकच्या पुढच्या पायरीवर मुद्दाम एरर परत करून प्रोब एकदा पाडायचा.

क्लॉकच्या त्या जोडीची एकच सिरीज झाली. पहिला पॅच फक्त एररच्या वाटेचा, फिक्सेस टॅगमध्ये बग आणणाऱ्या मूळ कमिटच्या हॅशची 12 अक्षरं, कारण तो छोटा आणि स्टेबलला (आधीच निघालेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्तीला) सहज जाणारा. दुसऱ्यात डेव्हएमची अदलाबदल, आणि पहिल्याने घातलेली ती ओळ त्याच पॅचमध्ये काढलेली.