स्टुडिओ की गच्ची: बीटल्सचे दोन दिवस

फोंड्यातील आमच्या श्रवणमंडळाची पुढची बैठक बीटल्स या चौघांच्या ब्रिटिश बँडवर आहे आणि वेळ एकाच प्रसंगापुरता असल्यामुळे, ९ फेब्रुवारी १९६४ रोजीचा न्यूयॉर्कमधील एड सलिव्हन यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम निवडावा की ३० जानेवारी १९६९ रोजीचे लंडनच्या गच्चीवरील वादन, हे ठरवायचे आहे.

पहिल्याची ऐतिहासिक थोरवी निर्विवाद आहे. सुमारे ७.३ कोटी अमेरिकी प्रेक्षकांनी तो पाहिला आणि ब्रिटिश पॉपसाठी अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली. मात्र चाहत्यांच्या किंकाळ्यांच्या गदारोळात वादनातील बारकावे हरवतात, आणि आमची मंडळी तर कान देऊन ऐकणारी आहेत.

गच्चीवरचे वादन जेमतेम ४२ मिनिटांचे. सॅव्हिल रो येथील स्वतःच्याच कचेरीच्या माथ्यावर, बोचऱ्या थंडीत, बिली प्रेस्टन यांना कीबोर्डवर सोबत घेऊन चौघे वाजवत होते; खाली रस्त्यावर जेवणाच्या सुट्टीतील माणसे माना वर करून थबकली होती आणि अखेर पोलीस वर आले. जत्रेतल्या नाटकाचे पद देवळामागच्या वाटेवरून कानी पडावे आणि पाय तिथेच थांबावेत, हा अनुभव गोव्यात कोणाला नवा नाही. त्यांचे हे अखेरचे जाहीर वादन. आपसांतील ताण विकोपाला गेला असतानाही चौघांचे सूर किती सहज जुळतात, हे त्यात स्वच्छ ऐकू येते.

माझे मत गच्चीला आहे.