रिलेशनल थेरपी: बरेच महिने घेऊन (आणि भांडून) झाल्यावरचा अनुभव

आधी कॅन्सलेशनच्या फीबद्दल बोलते, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. २४ तासांच्या आत सेशन रद्द केलं की पूर्ण फी. अर्धीसुद्धा नाही, पूर्ण! ऑफिसात ऐनवेळी अडकले, तसा मेसेज केला, तर उत्तरात एका ओळीची 'काळजी घ्या' आणि खाली नेहमीएवढंच बिल. भरलं गपचूप, पण मनात एक स्टार देऊन मोकळी झाले होते.

पुढच्या वेळी उशिरा गेले आणि ऑफिसचं काहीबाही सांगत बसले. थेरपिस्ट बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग सरळच विचारलं, "बिलावरून माझा राग आलाय का? आज तुम्ही बोलताय, पण माझ्याशी नाही बोलत आहात असं वाटतंय." मी म्हटलं छे छे, तसं काही नाही. आणि ते 'छे छे' ऐकून मलाच कसंतरी झालं, कारण बहिणीशी, बॉसशी, जुन्या मैत्रिणींशी सगळीकडे मी हेच करते, राग गिळायचा, वरून गोड बोलायचं आणि मग हळूहळू फोन उचलणं बंद. मग अख्खं सेशन त्या बिलावरच गेलं. मेसेज कोरडा होता हे त्यांनी मान्य केलं, मला तो का लागला ते खोदून विचारलं. फी मात्र एक पैसा कमी केली नाही.

ही थेरपी म्हणजे हेच सगळं. आपण जुन्या नात्यांतल्या भीती-अपेक्षा थेरपिस्टवर लादतो हे फ्रॉइडपासून चालत आलंय, पण तेव्हा थेरपिस्टने स्वतः कोरी पाटी राहायचं अशी पद्धत. ग्रीनबर्ग आणि मिचेल या मनोविश्लेषकांनी १९८३ मध्ये 'रिलेशनल' विचार मांडला, आणि पुढे त्यातून जी शाखा वाढली तिच्यात खोलीत जे घडतं त्यात थेरपिस्टचाही हात असतो हे धरूनच चालतात. सॅफ्रन आणि म्युरन या संशोधकांनी तर थेरपिस्टशी असलेलं नातं कुठे तुटतं आणि कसं सांधलं जातं यावरच भरपूर काम केलंय. हे मी बिलाच्या रागात, कुठे चूक सापडते का बघायला वाचलं होतं, असो.

आधीचे थेरपिस्ट सीबीटीवाले, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारे. माणूस चांगला, पण दर आठवड्याला विचारांचा तक्ता भरायचा आणि मी तो त्यांच्या दाराबाहेर बसून, मागच्या आठवड्यातलं काय आठवेल ते भरायचे. थेरपिस्टशी जुळायला काय लागतं, याच्या बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्यात: ध्येयावर एकमत, कामावर एकमत आणि आपसातला बंध. माझं मधलंच जमत नव्हतं. तेव्हा 'छान वाटतात' एवढ्यावर थेरपिस्ट ठरवू नका. पहिल्याच कॉलवर विचारा, शिक्षण कुठलं, अजून सुपरव्हिजन घेता का (म्हणजे आपल्या कामाबद्दल दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टशी बोलता का), स्वतः थेरपी घेतलीय का, आणि मला तुमचा राग आला तर काय करायचं. शेवटच्या प्रश्नावर जे अवघडतात त्यांच्याकडे मी जाणार नाही. आणि रिलेशनलच्या नावाखाली जे स्वतःचंच रडगाणं गातात त्यांच्याकडे तर मुळीच नाही, ५० मिनिटं आपली असतात, पैसेही आपले.

सुरुवातीला मला ही पद्धत म्हणजे संथ आणि महाग टाइमपास वाटायची. संथ अजूनही वाटते, महाग तर आहेच. पण परवा बहिणीला तोंडावर सांगितलं की मला तुझं ते बोलणं लागलं, आणि आमचं बोलणं चालू आहे, तेव्हा आता चार स्टार. पाचवा त्या फीसाठी कापलाय, तो मिळणार नाही.

लिफ्टची, विमानाची अशी एखादी ठरावीक भीती घालवायची असेल तर याच्या नादी लागू नका, एक्स्पोजरवाली (भीतीला हळूहळू सामोरं जायला लावणारी) सीबीटी घ्या, सहसा कमी सेशन्समध्ये भागतं. आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर असं पारखत बसू नका, घरात कुणाला तरी लगेच सांगा आणि आधी सायकियाट्रिस्ट किंवा इमर्जन्सी गाठा.