कार्बन प्लेट की नुसता फोम? मुंबई मॅरेथॉनआधी जोड ठरवताना

नोव्हेंबर उजाडला की आमच्या धावण्याच्या ग्रुपवर पेसपेक्षा (किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्यापेक्षा) शूजचीच चर्चा जास्त. रविवारचा लाँग रन आटपून दादरच्या उडप्याकडे बसलो की इडली येईपर्यंत कुणीतरी फोन पुढे सरकवतंच, "हे बघ, सेलमध्ये आलाय. घेऊ का?" गेल्या रविवारी असे दोन फोन आले. एक आमच्याच सोसायटीतल्या मुलाचा. हाफ (21 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन) 1 तास 32 मिनिटांत धावतो, जानेवारीत फुल (42 किलोमीटरची पूर्ण) 3 तास 20 मिनिटांत काढायची म्हणतोय. दुसरा ग्रुपमधल्या एका ताईंचा. निवृत्तीला आल्यात, पहिलीच फुल, 4 तास 40 मिनिटांत पार पडली तरी पेढे वाटणार आहेत. दोन्ही फोनवर शूज एकच होता, कार्बन प्लेटवाला.

मी मुलाला घे म्हटलं आणि ताईंना नको म्हटलं. ताईंना ते लागलं. "म्हणजे आम्ही हळू धावतो म्हणून?" तर नाही, एवढंच कारण नाही. टेबलावर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आज दुकानात खरी निवड आहे ती दोन प्रकारांत. पहिला म्हणजे शर्यतीचा कार्बन शूज: नायकीचा व्हेपरफ्लाय, आसिक्सचा मेटास्पीड, प्यूमाचा डेव्हिएट नायट्रो एलिट ही मंडळी. तळाला जाड, हलका, उसळी देणारा फोम आणि त्याच्या पोटात कडक कार्बनची प्लेट. आदिदासच्या आदिओस प्रोमध्ये अखंड प्लेटऐवजी पायाच्या हाडांसारख्या कार्बनच्या कांड्या असतात, पण घराणं तेच. दुसरा प्रकार म्हणजे तोच किंवा तसाच फोम, पण कार्बनशिवाय. आदिदासचा इव्हो एसएल आणि आसिक्सचा सुपरब्लास्ट ही त्यातली ओळखीची नावं. ताईंना मी हा दुसरा प्रकार सुचवला.

कार्बनची हवा सुरू झाली 2017 मध्ये. तेव्हा कोलोरॅडो विद्यापीठात वाउटर होगकामर आणि सहकाऱ्यांनी अठरा धावपटूंना नायकीच्या नव्या शूजमध्ये पळवून त्यांना लागणारा ऑक्सिजन मोजला, म्हणजे खर्च होणाऱ्या ऊर्जेचा हिशोब. त्या काळच्या उत्तम रेसिंग शूजपेक्षा सरासरी 4 टक्के कमी ऊर्जा लागली. तो आकडा शूजच्या नावातच आला. पण दोन गोष्टी जाहिरातीत नसतात. एक, ते अठरा जण दहा किलोमीटर 32 मिनिटांच्या आत धावणारे होते, आणि चाचणीचा सर्वांत कमी वेग ताशी 14 किलोमीटर होता, म्हणजे किलोमीटरला सव्वाचार मिनिटं. आमच्या ग्रुपमध्ये त्या पेसने कुणी पळालं तर बहुधा बस पकडायला. दोन, त्याच अभ्यासात फोमचीही मोजणी होती. दाबल्यावर नवा फोम 87 टक्के ऊर्जा परत देत होता, तुलनेतले जुने दोन शूज 75.9 आणि 65.5 टक्के.

मग श्रेय प्लेटचं की फोमचं? याचं उत्तर 2022 च्या एका प्रयोगात मिळतं, आणि तो मला फार आवडतो. होगकामर आणि हीली यांनी व्हेपरफ्लायच्या प्लेटला चवड्याच्या भागात करवतीने आडवे काप दिले. प्लेटचा कडकपणा गेला, फोम तसाच राहिला. ऊर्जेच्या हिशोबात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. याचा अर्थ प्लेट फुकट आहे असा नव्हे. इतका मऊ, जाड फोम पायाखाली डुगडुगू नये म्हणून ती कामाची आहे. पण आपण जिच्या नावाने पैसे मोजतो ती प्लेट, आणि उसळी देणारा मात्र फोम.

हळू धावणाऱ्यांचं काय? तेही मोजलं गेलंय. 2023 च्या एका अभ्यासात ताशी 12 किलोमीटरला सरासरी बचत 1.4 टक्के निघाली आणि ताशी 10 ला 0.9 टक्के. काहींना तर उलट तोटाच झाला. हिशोब करून पाहा. मुलाचा वेग ताशी साडेबाराच्या वर, म्हणजे 200 मिनिटांच्या शर्यतीत त्याला तीनेक मिनिटं मिळू शकतात. ताईंच्या 280 मिनिटांत 0.9 टक्के धरले तर अडीच मिनिटं. ऐकायला जवळपास सारखंच. पण ताई ताशी नऊच्या वेगाने धावणार, तिथे 0.9 सुद्धा उदार अंदाज झाला. शिवाय ही तुलना साध्या शूजशी आहे, चांगल्या फोमच्या बिनप्लेटी शूजशी नाही. तशा शूजच्या तुलनेत उरतं ते मिनिट-दीड मिनिट. वाटेतल्या मोबाइल टॉयलेटच्या रांगेत त्याहून जास्त जातो वेळ.

सरासरीच्या पोटात काय दडतं तेही बघा. केनियाचे जागतिक दर्जाचे धावपटू घेऊन झालेल्या एका अभ्यासात याच जातीच्या शूजने कुणाला 11.4 टक्क्यांपर्यंत फायदा दिला, तर कुणाचा 11.3 टक्क्यांपर्यंत तोटा केला. त्यामुळे "माझ्या मित्राचा पीबी आला" (म्हणजे त्याची आजवरची सर्वोत्तम वेळ) हा पुरावा नाही. तुमच्या पायाला काय मानवतं ते तुमचा पायच सांगेल.

आता आपली जमीन. प्रयोगशाळेत ट्रेडमिल असते. आपल्याकडे डांबर, काँक्रीट, दोन्हींच्या मधला खड्डा आणि पेव्हर ब्लॉक. शर्यतीच्या दिवशी रस्ता मोकळा आणि बऱ्यापैकी सपाट असतो, तिथे तक्रार नाही. सी लिंकवरचे सांधे तेवढे पायाला कळतात. पण सराव तुम्ही कुठे करता? शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती, वरळी सी फेसला, कुणी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात. कार्बन शूजची टाच उंच असते (शर्यतींसाठी जागतिक नियमाची मर्यादाच 40 मिलिमीटर आहे) आणि बऱ्याच मॉडेलांत टाच अरुंदही. सरळ पळताना मजा येते, कोपऱ्यावर वळताना घोटा कलंडतो. माझा पहिला कार्बन जोड, कंपनी जाऊ दे, मी ऑनलाइन मागवला आणि पहिल्याच आठवड्यात ओल्या पेव्हर ब्लॉकवर घोटा मुरगळून घेतला. त्याआधी चार दिवस पोटऱ्या अशा भरल्या होत्या की स्टेशनचा जिना कठड्याला धरून उतरत होतो. चूक शूजची नव्हती. शर्यतीचा घोडा मी पावसाळ्यात टांग्याला जुंपला होता.

पोटऱ्यांवरून आठवलं. पायाच्या कमानीत नौकेच्या आकाराचं एक हाड असतं. कार्बन शूज वापरणाऱ्या पाच खेळाडूंना त्या हाडाला ताणामुळे इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केली. पाच जणांवरून काही सिद्ध होत नाही, पण नवा जोड थेट 30 किलोमीटरच्या रनला घालू नये एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही. आधी पाच-सहा किलोमीटर, मग एखादा टेम्पो (ठरवून वेगात केलेला सरावाचा रन), मग लाँग रनचा शेवटचा तुकडा.

ताईंच्या बाबतीत माझं खरं कारण पेडर रोडचा चढ आहे. फुलमध्ये परतीचा तो चढ शेवटच्या टप्प्यात येतो. पहाटे पाचला सीएसएमटीहून सुटलेला माणूस चार-चाळीसच्या हिशोबाने तिथे पोचतो तेव्हा नऊ वाजत आलेले असतात. ऊन चढलेलं, सॉक्स घामाने आणि डोक्यावर ओतलेल्या पाण्याने चिंब. अशा वेळी आपण धावत नसतो, थोडं चालतो, थोडं ओढत नेतो. पाऊल चवड्यावर न पडता टाचेवर पडतं, तेही वाकडंतिकडं. कार्बन शूज चवड्यावर पुढे ढकलायला बांधलेला असतो. दमलेल्या, चालणाऱ्या पायाखाली तो कडक आणि डळमळीत वाटतो. बिनप्लेटी शूज तिथे जास्त सोशिक. मुलगा मात्र तोच चढ आठच्या आत पळत चढून जाईल, म्हणून त्याला तो शोभतो.

पैशांचं बोलू. कार्बन शूज साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत येतो, बिनप्लेटी चांगला फोम बहुधा त्याहून स्वस्तात. महाग फोम टिकत नाही ही खरी गोम. एका अभ्यासात 450 किलोमीटरनंतर या फोमची साध्या फोमवरची आघाडीच संपलेली आढळली. मी कार्बनचं आयुष्य 300 किलोमीटर धरतो आणि बिनप्लेटीचं 600. वीस हजारांचा जोड म्हणजे किलोमीटरला 67 रुपये, तेरा हजारांचा म्हणजे 22. फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे घेते. म्हणजे बिनप्लेटी जोडात तुम्ही टॅक्सीच्या भावात पळता, कार्बनमध्ये तिप्पट भावात. वर बिनप्लेटी शूज सप्टेंबरच्या सरावापासून जानेवारीच्या शर्यतीपर्यंत चालतो. कार्बन घेतला की सरावाला दुसरा जोड लागतोच.

मधला एक सापळा आहे. "कार्बन प्लेट" लिहिलेला पण स्वस्त असा जोड दिसला की फोम कुठला ते आधी विचारा. आसिक्सच्या मॅजिक स्पीड 3 मध्ये प्लेट कार्बनची आहे, पण फोम मेटास्पीडवाला नाही. टेम्पोच्या सरावाला तो ठीक, टिकाऊसुद्धा, फक्त त्याच्याकडून मेटास्पीडची उसळी मागू नका. डिकॅथलॉनचा केडी 900 एक्स हा कार्बन असूनही तुलनेने परवडणारा, बजेट आखडतं असेल तर पायात घालून पाहण्यासारखा. फर्स्ट कॉपीबद्दल काय बोलावं? रंग हुबेहूब असतो. ग्रुपवर "फक्त 80 किमी वापरलेला" म्हणून विकायला येणाऱ्या जोडांचंही तेच, ते 80 कुणी मोजले?

माप मात्र दुकानात जाऊनच. संध्याकाळी जा, दिवसभराने पाय फुगलेला असतो, आणि आपल्या दमट हवेत तीन तासांनी तो आणखी फुगतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. आपल्याकडे चवड्याला रुंद पाय बरेच, आणि शर्यतीचे शूज बहुतेक निमुळते. करंगळी दाबली जात असेल तर "वापरून सैल होईल" हे विक्रेत्याचं म्हणणं ऐकू नका, या शूजचं कापड सैल होत नाही. एका पायावर उभं राहून घोटा कितपत हलतो तेही पाहा. दुकानातली गुळगुळीत फरशी फसवते, जमलं तर दाराबाहेर दहा पावलं पळू द्यायला सांगा.

ज्यांचं फुलचं लक्ष्य चार तासांच्या आत किंवा हाफचं पावणेदोनच्या आत आहे, आठवड्याला 40-50 किलोमीटर होतात आणि पोटरी-घोट्याचं दुखणं नाही, त्यांनी कार्बन घ्यावा आणि नोव्हेंबरातच घ्यावा, म्हणजे पाय सरावतो. चार ते साडेचारच्या मधल्यांनी मित्राचा जोड मागून एक टेम्पो करून बघावा. त्याच्या पुढच्यांनी बिनप्लेटी. आणि हौस म्हणून घ्यायचाच असेल तर घ्या की, हौसेला मोल नसतं, फक्त त्याला वेळेचा हिशोब म्हणू नका.

ताईंचा काल मेसेज आला. इव्हो एसएल घेतलाय, गुलाबी रंग मिळाला नाही म्हणून नाराज आहेत. उरलेल्या पैशांत चार जोडी सॉक्स आणि फिजिओकडे दोन वेळा. मुलाने कार्बन मागवलाय, अर्धं माप मोठं घे म्हणून सांगितलं होतं, ते त्याने ऐकलेलं नाही. परत पाठवायला त्याच्याकडे अजून सहा दिवस आहेत.